कासवाला लावलेलं हळदीचं बोट

तुम्ही दोघं नातवंडं उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन गेलात तेव्हा मागे एक मोजा आणि साठ पत्त्यांची डबी राहिली. मोजा मी धुऊन, घडी घालून, वर चिठ्ठी लावून कपाटात ठेवला आहे. डबी मात्र तुम्हीच फोनवर सांगितल्याप्रमाणे समोरच्या किराणा दुकानातल्या सुनेला दिली. तुम्ही तिला दुकानमावशी म्हणत होता, म्हणून मीही इथे तेच म्हणते.

आपल्या सिंदी मेघेत दुकानं दुपारी दोन ते चार बंद असतात. त्या दोन तासांत तुम्ही आपल्या व्हरांड्यात तिला हा खेळ शिकवलात. आठव्या दिवशी तिनं गुरूलाच हरवलं आणि गुरू रात्री जेवला नाही, हे मी विसरलेली नाही.

खेळ तुम्हाला ठाऊक आहे, पण हे माझ्या बहिणीही वाचणार आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते. हे पत्ते म्हणजे राजा-राणी-गुलाम नव्हेत. दोघांकडे आपापले साठ पत्ते. प्रत्येकावर एखादा प्राणी, नाहीतर जादू, नाहीतर हत्यार. समोरच्याचे वीस प्राण जो आधी संपवेल तो डाव जिंकला, आणि तीनपैकी दोन डाव जिंकले की सामना. पत्ते मळू नयेत म्हणून प्रत्येक पत्ता आपल्या मापाच्या प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला असतो. दुकानमावशीचा सगळ्यात जोरदार पत्ता म्हणजे एक म्हातारं कासव. ते मांडायला वेळ लागतो, पण एकदा मांडलं की समोरच्याचा मारा निम्म्यावर येतो.

तुम्ही गेल्यावर तिनं हा खेळ सोडला नाही. शाळा सुटली की आसपासची मुलं-मुली दुकानात येऊन तिला अडलेले डाव विचारू लागली. तेल मोजता मोजता ती सांगायची. मग तिच्या मनात आलं की दुकानात आत शिरल्यावर डावीकडे जी तिसरी फळी आहे, जिथे फिनाईलच्या बाटल्या आणि कोणी न घेतलेल्या मच्छरदाण्या पडून असतात, ती आपल्याला मिळावी. तिथे हे पत्ते विकायला ठेवायचे, आणि रविवारी दुपारी मुलांना तांदळाच्या कट्ट्यांवर, म्हणजे पोत्यांवर, बसवून खेळू द्यायचं. एवढीच मागणी. पण दुकान सासऱ्यांचं. ते चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेले गृहस्थ.

"पत्ते?" ते म्हणाले. मी तेव्हा साबुदाणा घ्यायला उभी होते. "आपल्या दुकानात पत्ते? लोक काय म्हनतीन? म्हाताऱ्यानं जुव्व्याचा अड्डा टाकला म्हनतीन!"

"मामाजी, हे ते पत्ते नाई," ती म्हणाली. "यात बुद्धी लागते."

"जुव्व्यातबी लागते. ज्याले लागत नाई तो हरते."

पुढच्याच आठवड्यात पिपरी मेघेच्या एका मंगल कार्यालयात शनिवार-रविवार गेमिंग आणि पत्त्यांची स्पर्धा असल्याचा कागद कोणीतरी दुकानाच्या खांबावर चिकटवला. सासऱ्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि माझ्यासमोरच सुनेला बोलावलं.

"पह्यल्या चारात येऊन दाखव. फळी तुही. नाई आली तर ते डबी कायमची मॅडमच्या कपाटात, अन् फळीचं नाव काढाचं नाई."

"लेखी द्या, मामाजी."

"माह्या शब्दाले कागद लागत नाई. इचार मॅडमले."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली. कागदाशिवाय मी कोणाला एक मासिकसुद्धा घरी नेऊ दिलं नाही. पण त्यांच्या बाबतीत मी मान डोलावली. ते गृहस्थ बोलले की बोलले.

डबी माझ्याच कपाटात असायची, कारण दुकानमावशीची तीन वर्षांची लेक पत्ते चावते. "जिराफाचा कान खाल्ला तिनं," ती एकदा म्हणाली, "म्हनून तो आता कमी दामात जाते." रोज दोन वाजता ती डबी घेऊन जायची आणि चारला आणून द्यायची. मी नोंद ठेवत होते. सवय आहे.

मधे दसरा आला. आता जे लिहिते ते लिहायला मला मजा वाटत नाही, पण लिहिल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो. आपल्या घरात तलवार नाही, तेव्हा ज्याच्या जिवावर माणूस चार कामं करतो ते आपलं हत्यार. माझ्याकडे त्याची यादी आहे, दरवर्षी तीच: विळी, शिवणयंत्र, फाउंटन पेन, मिक्सर, आजोबांच्या स्कूटरची चावी, लॅपटॉप, आणि ग्रंथालयातून निवृत्त होताना मला भेट मिळालेला तारखेचा शिक्का. यंदा पाटावर सगळं मांडल्यावर कपाटातली डबी दिसली. स्पर्धा चार दिवसांवर होती. मनात आलं, हिचं हत्यार हेच की. तिनं स्वतः तर ते पूजेला ठेवलेलं नाही. मग कोण ठेवणार?

डबी पाटावर ठेवली. पण तिच्या गुळगुळीत झाकणावर हळदीचं बोट टिकेना, ओघळ खाली येई. मी झाकण उघडलं. वरचाच पत्ता कासवाचा. देवळात गाभाऱ्यापुढे कासव असतं आणि त्याला हळदकुंकू वाहिल्याशिवाय आपण पुढे जात नाही. याहून शुभ काय असणार? चित्र खराब होऊ नये एवढं भान मला होतं, म्हणून पत्ता पालथा केला आणि पाकिटाच्या पाठीवर, कोपऱ्यात, अगदी नीट, बोटाच्या टोकानं हळद लावली. त्यावर कुंकू. एक झेंडूची पाकळी.

संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. कुंकू गेलं. हळदही गेली असं मला वाटलं. चष्मा तेव्हा डोक्यावर होता, डोळ्यांवर नव्हता. पाकिटांची पाठ मोतिया रंगाची होती, आणि हळदीचा पुसट डाग मोतिया रंगात लगेच दिसत नाही.

तर शनिवारी सकाळी आम्ही निघालो. ती स्कूटरवर पुढे, मी मागे, डबी माझ्या पिशवीत. पिशवीत आणखी पाण्याची बाटली, उपरणं, दोन सफरचंदं, वही आणि दोन पेनं. "काकू, आपण लग्नाले चाललो का?" ती म्हणाली. "कार्यालय आहे म्हटल्यावर काय सांगता येतं," मी म्हणाले.

ते मंगल कार्यालय तुम्ही पाहायला हवं होतं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत कोणाचं लग्न नाही, त्यामुळे हॉल रिकामा, म्हणून मिळाला. स्टेजवरच्या भिंतीला थर्मोकोलचं 'शुभ विवाह' तसंच होतं, फक्त त्यातला 'शु' पडला होता. नवरा-नवरीच्या सिंहासनांपैकी एकावर मुख्य पंच बसली होती, नागपूरहून आलेली, काळ्या टी-शर्टातली, गळ्यात शिट्टी. दुसऱ्या सिंहासनावर बक्षिसाचा करंडक. 'वधूपक्ष' लिहिलेल्या खोलीत चार टीव्ही लावून मुलं-मुली रिमोटसारखं काहीतरी दोन्ही हातांत धरून एकमेकांना मारत होती, आणि प्रत्यक्षात शेजारी शेजारी बसून एकाच पुड्यातला चिवडा खात होती. 'वरपक्ष' खोलीत पत्त्यांची अदलाबदल आणि सामानाची टेबलं. तिथे जो बाजार भरला होता त्यापुढे आपला आठवडी बाजार शांत म्हणायचा.

"तीन झाडं देतो, एक गरुड दे."

"गरुडाले तीन झाडं? अबे, गरुड बसते का तीन झाडावर?"

"बरं, वरतून एक झरा घे."

कोणी निळे केस लावून आलं होतं. एकीच्या पाठीला पुठ्ठ्याचे पंख होते आणि ती दारातून तिरपी तिरपी ये-जा करत होती. माईकवरचा गृहस्थ लग्नातलाच असावा. "टेबल क्रमांक सहाचे खेळाडू कृपया मंडपात... सॉरी, टेबलाजवळ यावे."

माझ्या मनगटाला कागदी पट्टा बांधला, त्यावर 'प्रेक्षक' असं छापलेलं. बांगड्यांच्या वर तो काही बसेना. पट्टा बांधणारी मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही कोणाला सोडायला आल्या?"

"सोडायला नाही. पाहायला," मी म्हणाले. "मी तिची फॅन आहे."

हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी वापरला. बरं वाटलं.

शनिवारचा दिवस झकास गेला. पाच फेऱ्या झाल्या. दुकानमावशी पत्ते पिसते ते पाहायला शेजारच्या टेबलांवरचे लोक माना वळवत होते. हिशेबाच्या चिठ्ठ्या पिसाव्या तसं तिचं पिसणं, खटाखट. खेळताना ती समोरच्याशी गिऱ्हाइकासारखी बोलते. "अजून काई पाह्यजे? नाई? मंग माही पाळी." पाचपैकी चार फेऱ्या जिंकली. मी सगळं वहीत लिहून घेतलं, कोणत्या डावात कासव कितव्या पत्त्याला आलं तेसुद्धा. दुपारी बाहेरच्या गाडीवर तर्री पोहे खाल्ले. माझ्या पोटाला तर्री चालत नाही हे तुमच्या आजोबांना कृपया कळवू नये.

संध्याकाळी यादी लागली. शेवटच्या आठांत तिचं नाव होतं. रविवारी एक सामना जिंकला की पहिल्या चारांत, आणि फळी तिची. घरी येताना आपल्या फाटकाशी स्कूटर थांबवून ती म्हणाली, "काकू, ते मच्छरदान्या मी कुठी ठेवू?"

रविवारी तिचं टेबल खिडकीजवळ आलं. समोर नाचणगावचा एक चष्मेवाला खेळाडू, तिशीचा, अंगानं भरलेला, अतिशय सभ्य. त्यानं बसण्याआधी टेबलाला हात लावून नमस्कार केला. पहिला डाव आमचा. कासव नवव्या पत्त्याला आलं आणि त्यानं मान हलवली. दुसरा डाव सुरू झाला, तिनं पत्ते पिसून गठ्ठा मधे ठेवला. ऊन वर आलं होतं आणि खिडकीतून नेमकं टेबलावर पडत होतं.

तो गठ्ठा कापायला पुढे वाकला आणि थांबला.

"ताई, तुमच्या या पत्त्याच्या मागं काई आहे का?"

"काई नाई."

"पिवळं दिसून राह्यलं."

तिनं हात वर केला. त्यांच्या खेळात असा नियम आहे की शंका आली की कोणीही हात वर करावा, आणि तिनं स्वतःच केला. पंच स्टेजवरून उतरून आली. पत्ता उचलला, उन्हात तिरपा धरला. मग उलटा केला. कासव.

मी चष्मा डोळ्यांवर ओढला.

पत्त्याच्या पाठीवर खूण म्हणजे गठ्ठ्यात तो पत्ता कुठे आहे हे न उलटता कळतं. आणि खूण कशावर? साठांतल्या सगळ्यात जोरदार पत्त्यावर. पाहणाऱ्यांत कुजबुज सुरू झाली. निळ्या केसांचा एक जण म्हणाला, "काल पाचपैकी चार कशी जिंकली, आता समजलं." दुकानमावशी डागाकडे पाहत होती आणि तिला खरंच काही उमजत नव्हतं.

मी उभी राहिले. "तो डाग माझा आहे."

"मावशी, सामना चालू असताना प्रेक्षकांनी बोलायचं नाही," पंच म्हणाली.

एकतीस वर्षं मी लोकांना गप्प बसवलं, आणि त्या दिवशी मला कोणीतरी गप्प बसवलं. पण मी बसले नाही. सांगितलं सगळं, पाटापासून झेंडूच्या पाकळीपर्यंत. ग्रंथालयात हरवलेल्या पुस्तकाचा खुलासा लोक जसा करत तसाच मी करते आहे हे मला बोलताना कळत होतं. मागून कोणीतरी हसलं.

"मॅडम, तुम्ही कासवाची पूजा केली?" पंचांना हसू दाबता येईना.

"दसरा होता," मी म्हणाले.

नाचणगावचा खेळाडूच माझ्या मदतीला आला. "माही आई ट्रॅक्टरले लावते. स्टिअरिंग पिवळं झालतं, तीन धुण्यात गेलं नाई. हे चिटिंग नाई, मॅडम. म्या बस विचारलं."

"चिटिंग नाही हे मला पटलं," पंच म्हणाली. आता ती हसत नव्हती. "पण खूण आहे, आणि खूण त्या पत्त्यावर आहे. नियमानं हा डाव तुमच्या हातून गेला, ताई. एक-एक. आता दहा मिनिटांत साठही पत्ते नव्या पाकिटांत घाला. नाही जमलं तर सामना यांचा."

वरपक्षाच्या खोलीतून पाकिटांचा पुडा मी जवळजवळ पळत आणला. आम्ही दोघी बसलो. जुन्या पाकिटातून पत्ता काढायचा, नवं पाकीट फुंकर मारून उघडायचं, पत्ता सरळ सरकवायचा, कोपरा दुमडता कामा नये. चार मिनिटांत आमचे पंधरा झाले.

"हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

वर पाहिलं तर सासरे. दुकान दुपारी बंद करून आलेले, काखेत सुनेसाठी आणलेला डबा. झालेलं ऐकून घ्यायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग आमचं काम चाललेलं पाहिलं, आणि ते मात्र त्यांना सहन झालं नाही.

"असं भरत असते का? एक काढा, एक उघडा, एक भरा! दिवाळी निघून जाईन. सरका."

ते खुर्चीवर बसले. चाळीस वर्षं पुड्या बांधलेला माणूस. त्यांनी आधी सगळी नवी पाकिटं एका दिशेनं पंख्यासारखी पसरली, सगळ्यांची तोंडं एकदम उघडी. "सूनबाई, तू बस जुन्यातून काढून देजो. मॅडम, तुम्ही मोजा, बाकी काईले हात लावू नका." आणि त्यांनी अंगठा जिभेकडे नेला.

"मामाजी, थुकी नाई!" ती ओरडली.

"काऊन?"

"डाग पडते!"

त्यांनी अंगठा धोतराला पुसला आणि सुरुवात केली. खरं सांगते, एवढं सुंदर काम मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. डाव्या हातानं पाकीट, उजव्यानं पत्ता, एक टिचकी, पुढचं. मी मोठ्यानं मोजत होते. तीस. चाळीस. पाहणारे जवळ सरकले. निळ्या केसांचा मुलगा मोजण्यात सामील झाला. साठावा पत्ता आत गेला तेव्हा दीड मिनिट शिल्लक होतं आणि हॉलनं टाळ्या वाजवल्या. सासरे टाळ्यांकडे न पाहता रिकामं वेष्टण उलटसुलट करून पाहत होते.

"हे पाकीट किती दिवस टिकते?"

"महिनाभर, मामाजी. लय खेळलं तर पंधरा दिवस. मंग नवं."

"हरेकाले लागते?"

"साठ पत्ते त साठ पाकिटं. याच्याबिना कोनी खेळत नाई."

"म्हंजे मिठासारखं," ते स्वतःशीच म्हणाले.

तिसरा डाव झाला. तुम्हाला वाटत असेल, ती जिंकली. मलाही वाटत होतं. ती खूप चांगली खेळली. त्याचे दोन प्राण उरले होते, हिचे तीन. हिला फक्त कासव हवं होतं, एक मारा झेलायला. तिनं पत्ता ओढला. झरा आला. त्यानं दोन वाघ पुढे केले, म्हणाला, "सॉरी ताई," आणि संपलं. तिनं त्याच्याशी हात मिळवला. मग गठ्ठ्यातला वरचा पत्ता उलटून पाहिला.

कासव.

"उशिरा उठलं," ती म्हणाली आणि पत्ते गोळा करू लागली.

सासऱ्यांनी डबा उघडला. आम्ही तिघांनी खिडकीजवळ बसून भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी खाल्ली. नाचणगावच्यालाही त्यांनी बोलावलं. तो खाली मान घालून दोन घास खाऊन पुढच्या सामन्याला गेला.

सोमवारी दोन वाजता ती डबी घेऊन आली. "ठेवा काकू, कपाटात."

"अगं, पण..."

"शब्द होता. मीच म्हनली होती लेखी द्या."

ती रडली नाही. बसली, चहा घेतला, लेकीचे किस्से सांगितले. डबीला मात्र पाहिलं नाही. मी नोंदवहीत 'जमा' लिहिलं. एवढा छोटा शब्द लिहायला मला इतकं जड कधी गेलं नव्हतं. त्या रात्री मी ठरवलं की चूक माझी, तेव्हा बोलायलाही मीच जायचं.

मंगळवारी दुकान उघडल्याबरोबर गेले. ती आत लेकीला दूध पाजत होती. सासरे गल्ल्यावर.

"दुसरा डाव ती हरली नव्हती," मी म्हणाले. "तो माझ्या हळदीनं गेला. फळीचा पुन्हा विचार व्हावा."

"मॅडम, पह्यल्या चारात आली का ते?"

"नाही."

"मंग? शब्द म्हंजे शब्द. म्या बदलला त उद्या सारं गाव बदलाले लावन."

मी निघणार, तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं. दारातल्या खिळ्याला शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकतात ना, त्यांच्या शेजारी एक नवा खिळा होता. त्याला दोरीनं ओवलेले पाकिटांचे पुडे. पांढरे, काळे, निळे. मोतिया नव्हते.

"हे काय?"

"पाकिटं."

"तुम्ही तर म्हणालात फळी नाही!"

"फळी कुठी आहे? खिळा हाय." ते अगदी गंभीर होते. "खिळ्याचं काई ठरलं नव्हतं. अन् पत्ते नाई ठेवले म्या. पत्ते म्हंजे जुव्वा. पाकिटं म्हंजे पॅकिंग. कालच नागपूरच्या पार्टीले फोन केलता."

आतून लेकीला चुचकारण्याचा आवाज बंद झाला होता. ती ऐकत होती.

"पण विकत घेणाऱ्याला भरून कोण दाखवणार?" मी विचारलं. "सगळ्यांना तुमच्यासारखं जमत नाही."

"सूनबाई दाखवन. रविवारी दुपारी बसवन पोट्ट्यायले कट्ट्यावर, अन् दाखवन."

"रिकामी पाकिटं?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "रिकाम्यानं कसं दाखवन? आना तुमच्या कपाटातली ते डबी. दाखवाले पुरती."

"इथे ठेवली तर तुमची नात खाईल," मी म्हणाले. "जिराफाचा कान गेलाच आहे."

सासऱ्यांनी दुकानभर नजर फिरवली. गल्ल्याखाली नात पोचते. पोत्यांवर चढते. काचेचं कपाट तिनं मागच्याच महिन्यात उघडलं. मग ते उठले, डावीकडे गेले, आणि तिसऱ्या फळीवरच्या फिनाईलच्या बाटल्या हातानं वीतभर बाजूला सरकवल्या.

"इथी हात नाई पोचत तिचा," ते म्हणाले. "एका डबीपुरती जागा हाय. पोरीच्या दातापाई. बाकी काई समजू नका."

दारात दुकानमावशी उभी होती, कडेवर लेक, लेकीच्या ओठांवर दुधाची मिशी. तिनं एकदा फळीकडे पाहिलं. मला म्हणाली, "काकू, मच्छरदान्या तुमच्या घरी चालतीन का?"

मी डबी आणायला घरी आले. नोंदवही काढली, 'जमा' खोडलं, पुढे 'परत दिली' असं लिहिलं आणि माझा जुना तारखेचा शिक्का शाईत बुडवून त्याच्यावर मारला. कागदावर मारला. डबीवर नाही.